वाचनालयाचं सॉफ्टवेअर, रात्री साडेअकराचा फोन आणि 'दिलंत कशाला?'

अनगोळकर | मंगळवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. लिहू की नको असं आठ दिवस चाललं होतं. आज लिहितोच.

साडेसहा वर्षांपूर्वी बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातल्या एका गावच्या वाचनालयासाठी मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. दाखल क्रमांक, पुस्तकाचं नाव, लेखक, विभाग, कुणी नेलं, कधी परत आलं, एवढंच. अट एकच होती. मराठी आणि कन्नड दोन्ही लिप्या एकाच यादीत चालल्या पाहिजेत, कारण आपल्याकडच्या कपाटात दोन्ही भाषांची पुस्तकं एकाच फळीवर असतात. काम झाल्यावर कोड जीपीएल परवान्यानं, म्हणजे कुणीही वापरावा, बदलावा अशा मुभेनं, गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर टाकला. मग एका गावानं दुसऱ्याला सांगितलं. कडोलीच्या साहित्य संमेलनात चहाच्या रांगेत दोघांनी विचारलं, त्यांना तिथंच पेन ड्राइव्हवर दिला. आज मला माहीत असलेली नऊ वाचनालयं तो वापरतात. पैसे कुणाकडून घेतले नाहीत, मागितलेही नाहीत. दिवसा मी उद्यमबागेत एका कारखान्यात असतो. हे काम रात्रीच्या जेवणानंतरचं.

गेल्या रविवारी रात्री साडेअकराला फोन आला. कोण, कुठले, काही नाही. "तुमच्या सॉफ्टवेअरनं आमची ऐंशी पुस्तकं खाल्ली. उद्या दहाला वार्षिक सभा आहे. नऊच्या आत नीट करून द्या." मी म्हटलं, डेटाची फाइल पाठवा, आत्ता बघतो. "ते आम्हाला काय ठाऊक? तुम्हीच या." त्या रात्री माझी मुलगी तापानं फणफणली होती. येता येणार नाही म्हणून सांगितलं, फाइल कुठं सापडेल तेही सांगितलं. फाइल आली नाही. आला तो स्क्रीनचा एक फोटो, ट्यूबलाइटचा पट्टा नेमका आकड्यांवर पडलेला. मी घरच्या संगणकावर माझ्याकडच्या चाचणीच्या नोंदी घेऊन अडीच वाजेपर्यंत बसलो. सगळं बरोबर चालत होतं.

सकाळी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर वाक्य होतं: "जबाबदारी घ्यायची नव्हती तर दिलंत कशाला?"

राग आला असता तर बरं झालं असतं, दोन दिवसांत उतरला असता. हा प्रश्न मात्र मनातून जात नाही. प्रोग्राम बंद करून टाकावा, 'आता याची देखभाल होत नाही' अशी पाटी लावावी, असं मनात आहे. त्याआधी तुम्हाला विचारतो. एखादी गोष्ट फुकट दिली की देणारा पुढं काय काय देणं लागतो?

खानापूरकर | मंगळवार, रात्री ११.२५

बंद करायचं तर बिनदिक्कत करा. जीपीएलच्या मजकुरातच लिहिलेलं असतं की हा प्रोग्राम कोणत्याही हमीशिवाय दिलेला आहे. कोड सगळ्यांना उघडा आहे, ज्याला हवा तो पुढं चालवेल. घरी पोर आजारी असताना रात्री अडीचपर्यंत बसायला लावणारं कुठलंही देणं तुमच्या डोक्यावर नाही.

सहकारी_निपाणी | बुधवार, सकाळी ७.५०

मला हे पटत नाही आणि मी ते स्पष्ट लिहितो. मी तीस वर्षं एका पतसंस्थेचे हिशेब बघितले. हमी नाही असं कागदावर लिहिलं म्हणून माणसांचा विश्वास संपत नाही. गावच्या वाचनालयात बसणारी व्यक्ती इंग्रजीतला परवाना वाचून सॉफ्टवेअर घेत नाही. 'आपला मुलगा आहे, त्यानं केलंय' एवढ्यावर घेते. त्या भरवशावर त्यांनी कागदी रजिस्टर लिहिणं थांबवलं. उद्या तुम्ही हात काढून घेतलात तर त्यांच्याकडं ना वही, ना प्रोग्राम. विहीर खणून दिली की कठडाही बांधावा लागतो. पाणी फुकट आहे म्हणून कठडा नको, असं होत नाही.

फोनवरची भाषा चुकीचीच होती. पण त्या प्रश्नात काहीच तथ्य नाही असं मानू नका.

निपाणी_ते_बंगळूर | बुधवार, दुपारी १.१५

काकांचं म्हणणं मला अर्धं मान्य आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी थोडं बाहेरचं सांगतो, कारण आपल्या नऊ वाचनालयांत जे झालं तेच जगातल्या सगळ्यात मोठ्या कंपन्यांनीही केलेलं आहे.

कर्ल नावाचं एक साधन आहे. फोन, गाड्या, टीव्ही, जिथं म्हणून इंटरनेटवरून काही ओढून आणायचं असतं तिथं ते आत बसलेलं असतं. स्वीडनचा डॅनियल स्टेनबर्ग १९९८ पासून ते सांभाळतोय. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या जावा भाषेतल्या, असंख्य प्रोग्रामांत वापरल्या जाणाऱ्या तयार कोडात मोठं भगदाड सापडलं. पुढच्याच महिन्यात एका बड्या अमेरिकन कंपनीचं त्याला पत्र आलं: तुमच्या उत्पादनात लॉग४जे आहे का, काय उपाय केलेत, चोवीस तासांत कळवा. कर्ल सी भाषेत लिहिलेलं आहे, त्यात जावाचा संबंधच नाही. शिवाय त्या कंपनीनं त्याला कधी एक पैसा दिलेला नव्हता. त्यानं शांतपणे कळवलं, आधी सपोर्टचा करार करू, मग आनंदानं उत्तरं देतो. हा माणूस मला फार आवडतो. त्यानं नाही म्हटलं नाही, आणि फुकटात होही म्हटलं नाही.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. ओपनएसएसएल. बँकेच्या साइटवर कुलूप दिसतं ना, त्यामागचं काम करणारा कोड. एप्रिल २०१४ मध्ये त्यात हार्टब्लीड नावाचा दोष सापडला आणि जगभर धावपळ उडाली. तेव्हा लोकांना कळलं की ज्याच्यावर अर्धं इंटरनेट उभं आहे त्या प्रकल्पाला वर्षाकाठी देणग्या मिळायच्या साधारण २,००० डॉलर, आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस एक. कठडा नाही म्हणून सगळे ओरडले, खरं कठड्याच्या विटा कुणी आणून दिल्या नव्हत्या.

आणि एक्सझेड. फाइली दाबून लहान करणारं साधन. लासे कोलिन हा फिनलंडचा माणूस ते एकटा सांभाळत होता. २०२२ मध्ये कुणी अनोळखी नावं त्याच्या मागं लागली: फार हळू चाललंय, तुला जमत नसेल तर दुसऱ्याच्या हातात दे. हा बिनपगारी छंदाचा प्रकल्प आहे, माझी तब्येतही बरी नसते, असं त्यानं लिहिलं. तगादा चालूच राहिला. शेवटी मदतीला आलेल्या एका 'भल्या' माणसाला त्यानं अधिकार दिले, आणि त्याच माणसानं ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरच्या लक्षात आलं की सर्व्हरवर लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय. तो त्या अर्ध्या सेकंदाच्या मागं लागला म्हणून सगळे वाचले.

एकट्या माणसाला इतकं दमवलं की तो किल्ली कुणाच्याही हातात देतो, हे त्यातलं मला सगळ्यात भीतिदायक वाटतं. अनगोळकर, बंद करा की नको हे मी सांगणार नाही. फक्त तुम्ही रात्री अडीचला बसलात ते कुणी बघितलं नाही असं समजू नका.

येळ्ळूरची_सून | बुधवार, रात्री ९.०५

मला कोडिंगमधलं काही कळत नाही. मी शेती करते, आणि आमच्या वाचनालयात हाच प्रोग्राम आहे, पुस्तकं मी त्याच्यावरच नेते.

वरचं सगळं वाचलं. तुम्ही सगळे 'फुकट' म्हणालाय, खरं आमच्यात हा शब्दच बसत नाही. भात लावणीला आम्ही एकमेकींच्या शेतात जातो. आज माझ्या वाफ्यात बारा बाया, उद्या मी तिच्या वाफ्यात. पैसा कुणी कुणाला देत नाही, म्हणून ते फुकट होत नाही. त्याला सावड म्हणतात. आणि सावडीत एक नियम आहे, तो कुणी लिहून ठेवलेला नाही. जी बाई आली नाही तिच्याकडं आपणही जात नाही, खरं जी आजारी आहे तिच्या शेतात मात्र आधी जातो. तुमची मुलगी आजारी होती. त्या रात्री त्यांनी तुम्हाला विचारायला पाहिजे होतं, पोरगी कशी आहे म्हणून. ते विचारलं नाही याचंच मला जास्त लागलं.

आणखी एक. सावडीला येणारीला आम्ही कामाच्या आधी सांगतो, हा वाफा लावायचा, त्या कडेला पाणी जास्त आहे, रोप इथं ठेवलंय. नुसतं 'ये आणि कर' म्हटलं तर बाई बांधावर उभी राहून काय करणार? मला प्रोग्राम दुरुस्त करता येत नाही. खरं कुठं पाणी साठलंय ते सांगता येतं की.

बुकशेल्फ_टिळकवाडी | बुधवार, रात्री १०.३०

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, आमच्याकडं कोहा नावाचं सॉफ्टवेअर आहे. तेही मुक्तच. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या छोट्या वाचनालय ट्रस्टसाठी ते तयार झालं. त्यांची जुनी यंत्रणा २००० साल उजाडलं की बंद पडेल अशी भीती होती, नवी विकत घेणं परवडत नव्हतं. ३ जानेवारी २००० ला कोहा तिथं सुरू झालं. आज आपल्या इथल्या कितीतरी कॉलेजांत ते आहे.

'कोहा' हा माओरी शब्द आहे. पाहुणा यजमानाकडं जाताना जी भेट नेतो ती, आणि त्या भेटीत परतफेडीची जाणीव धरलेलीच असते. म्हणजे तुमची सावड. इतकी वर्षं मी ते नाव रोज स्क्रीनवर बघते, पण त्याचा अर्थ मला आज येळ्ळूरच्या पोस्टमुळं भिडला.

गावच्या वाचनालयांनी कोहा का घेऊ नये, असं कुणी विचारेल म्हणून सांगते. त्याला लिनक्सचा सर्व्हर लागतो, नोंदी मार्क या ग्रंथालयांच्या ठरावीक साच्यात भराव्या लागतात, आणि ते सांभाळणारं कुणीतरी लागतं. आमच्याकडं त्यासाठी पगारी माणूस आहे. गावात एक जुना संगणक आणि संध्याकाळी दोन तास येणारी एक बाई असते. म्हणून अनगोळकरांच्या प्रोग्रामला पर्याय नाही.

फळी_क्रमांक_तीन | गुरुवार, सकाळी ६.२०

मी त्याच वाचनालयाची ग्रंथपाल. फोन मी केला नव्हता, पण तो आमच्याकडूनच आला होता. रात्रभर हा धागा वाचत होते.

अनगोळकर दादा, आधी विचारते, मुलगी कशी आहे?

आमच्याकडून असं का झालं तेही सांगते, त्याचं समर्थन म्हणून नव्हे. आमचं दाखल रजिस्टर माझ्या सासऱ्यांच्या पिढीनं सुरू केलं. पहिली काही पानं बोरूनं लिहिलेली आहेत. सीमाभागात मराठी वाचनालय चालवणं म्हणजे काय हे तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. वर्गणीदार कमी, पोरं कामाला पुण्या-गोव्याकडं, आणि दरवर्षी सभेत कुणीतरी उठून विचारतंच, एवढी पुस्तकं खरंच आहेत का? रजिस्टर हीच आमची साक्ष. आदल्या रात्री पदाधिकाऱ्यांनी शेतीच्या पुस्तकांची यादी काढली आणि ऐंशी पुस्तकं कमी दिसली, तेव्हा त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. ते घाबरले होते आणि भीती तुमच्यावर काढली. मी त्यांच्याशी बोलले आहे.

आता येळ्ळूरच्या ताईंनी म्हटल्याप्रमाणे पाणी कुठं साठलंय ते सांगते. काल संध्याकाळी मी एकटी बसून हे बघितलं.

विभागाच्या रकान्यात 'शेतकऱ्यांसाठी' असं पूर्ण टाइप करून शोधलं तर १३१ पुस्तकं येतात.
फक्त 'शेतक' एवढंच टाइप केलं तर २१२ येतात.
रजिस्टरात मोजली, २१२ आहेत. कपाटातही आहेत, दोन सदस्यांकडं गेलेली सोडून.
'कथा', 'चरित्र', 'बालवाङ्मय' या विभागांचे आकडे रजिस्टराशी जुळतात.
डेटाची फाइल तुमच्या ईमेलवर पाठवली आहे. भाच्यानं दाखवलं कशी पाठवायची ते.

अनगोळकर | गुरुवार, सकाळी ६.५५

ताई, मुलगी बरी आहे, कालपासून शाळेला जाते. विचारलंत, फार बरं वाटलं.

आणि तुम्ही जे लिहिलंत ते मला साडेसहा वर्षांत कुणी लिहून दिलं नव्हतं. काय टाइप केलं, काय आलं, काय यायला हवं होतं, आणि कुठं बरोबर येतं. त्या रात्री याच्या चार ओळी असत्या तर मी अडीचपर्यंत बसलो नसतो. पुस्तकं गेलेली नाहीत. सगळी २१२ आत आहेत, शोध त्यांच्यापर्यंत पोचत नाही. कामावर निघालोय, संध्याकाळी फाइल उघडतो.

निपाणी_ते_बंगळूर | गुरुवार, सकाळी ९.४०

ताई, एक विचारतो. १३१ नोंदी आणि उरलेल्या ८१ नोंदी वेगवेगळ्या माणसांनी किंवा वेगवेगळ्या यंत्रांवर भरल्या आहेत का? मला 'ऱ्या'चा संशय येतोय.

फळी_क्रमांक_तीन | गुरुवार, सकाळी १०.१०

होय! आधीच्या ८१ जुन्या संगणकावर माझ्या आधीच्या ग्रंथपालांनी भरल्या. नंतरच्या सगळ्या माझी पुतणी मोबाइलवर टाइप करते आणि मी इकडं उतरवून घेते. पण अक्षर तर दोन्हीकडं सारखंच दिसतं?

निपाणी_ते_बंगळूर | गुरुवार, दुपारी १.३०

डोळ्यांना सारखं दिसतं, संगणकाला नाही. मराठीतला हा अर्धा 'र', 'सूर्य'मधल्या रफारासारखा वर न जाणारा, युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या जागतिक पद्धतीत, दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एका तऱ्हेत साधा र, मग हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह: शेतकर्‍यांसाठी. दुसऱ्या तऱ्हेत ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त: शेतकऱ्यांसाठी. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट दाबून र टाइप केलात की दुसरं येतं. जुन्या काही कीबोर्डांतून पहिलं यायचं. युनिकोडचा नेहमीचा एकरूप करण्याचा नियम या दोघांना एक करत नाही, ते आपल्यालाच करावं लागतं. 'ॲ'चंही तसंच. आता स्वतंत्र ॲ आहे, तो युनिकोडमध्ये २००८ साली आला. त्याआधी, आणि अजूनही कित्येक जण, अ वर चंद्र देऊन 'अॅ' लिहितात. सदस्यांच्या यादीत ॲडव्होकेट असतील तर तेही अर्धे सापडत नसतील, बघा.

हा घोळ इंग्रजीत होत नाही, त्यामुळं तिकडून कुणी येऊन आपल्यासाठी तो सोडवणार नाही. ज्याच्या भाषेत 'शेतकऱ्या' आहे त्यालाच हे दुखणं कळतं. अनगोळकरांचा प्रोग्राम टिकला पाहिजे असं मला वाटतं ते यासाठी.

अनगोळकर | गुरुवार, रात्री ११.५०

फाइल उघडली. ८१ नोंदींत न दिसणारं जोडचिन्ह आहे, १३१ नोंदींत नाही. शोधण्याआधी दोन्ही बाजूंचा मजकूर एकाच तऱ्हेत आणणाऱ्या मोजक्या ओळी लिहिल्या. आता दोन्हीकडून २१२ येतात. ॲडव्होकेट खरंच अर्धे गायब होते, तेही आले. नवी आवृत्ती चढवली आहे.

विभाग हातानं टाइप करू द्यायला नको होता, यादीतून निवडायला ठेवायचा होता. ती माझी चूक, ती पुढच्या महिन्यात दुरुस्त करतो.

निपाणीच्या काकांचा कठडा डोक्यात आहे. प्रोग्रामच्या पहिल्या पानावर आज मराठीत लिहिलं, आणि कन्नडमध्ये लिहून देण्याची विनंती एका मित्राला केली आहे: हे एक माणूस नोकरीनंतर सांभाळतो. रविवार सोडून फोन नको. अडचण लिहून पाठवा, ती कशी लिहायची याचा नमुना म्हणून फळी क्रमांक तीन यांचे पाच मुद्दे, त्यांची परवानगी असेल तर, तिथं जसेच्या तसे ठेवतो. दर महिन्याला सगळ्या नोंदी छापण्याजोग्या यादीत काढता येतील असं एक बटण आहे, ते आजवर मी कुणाला नीट दाखवलंच नव्हतं. यादी छापून रजिस्टरात डकवा. उद्या मी नसलो तरी वही राहील.

बंद करण्याची पाटी लावत नाही. पण एकट्यानं चालवायचं नाही हेही ठरवलं. दुसऱ्या किल्लीसाठी घाई करणार नाही, एक्सझेडची गोष्ट वाचल्यावर तर नाहीच. ज्याला यायचं आहे त्यानं आधी वर्षभर छोट्या दुरुस्त्या पाठवाव्यात.

सहकारी_निपाणी | शुक्रवार, सकाळी ८.००

छापील यादीचं ऐकून बरं वाटलं. माझे शब्द कडक होते, पण तुम्ही ते सरळ मनानं घेतलेत. पहिल्या पानावरचा मजकूर शुद्धलेखनाला माझ्याकडं पाठवा. तेवढं मला येतं.

खानापूरकर | शुक्रवार, सकाळी ८.४५

मी बंद करा म्हणालो होतो. आमच्या गावच्या वाचनालयाचे संगणकातले विभाग आणि रजिस्टर जुळवून बघतो आणि लिहून पाठवतो. फोन नाही करणार.

येळ्ळूरची_सून | शुक्रवार, दुपारी २.१०

आमच्या इथं रताळ्याची काढणी चाललीय, रविवारी मोकळी आहे. छापील यादी कपाटाशी ताडून बघायला दोन माणसं लागतील ना? मी आणि माझी जाऊ येतो. 'शेतकऱ्यांसाठी'चं कपाट आम्हीच बघणार.

फळी_क्रमांक_तीन | शुक्रवार, दुपारी २.३०

पाच मुद्दे खुशाल ठेवा, दादा. आणि येळ्ळूरच्या ताई, रविवारी चारला या. ते कपाट खिडकीजवळ आहे, वरची फळी गाठायला स्टूल लागतं. मी कुलूप उघडून ठेवते.